रूपराव चिमटा

पुणे
९ डिसेंबर २००१

तीर्थरूप आईस,
नीलेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

मूगवड्या पोचल्या. पिशवी तू जुन्या पडद्याची शिवलीस हे तुझ्या सुनेने, अंजूने, बघताच ओळखलं. ती परत पाठव असं तू लिहिलं नाहीस, पण येणाऱ्याच्या हाती पाठवतो. अंजू म्हणते की त्या पडद्याने दार झाकलं, मग उशी झाकली, आता वड्या झाकल्या, पडदा निवृत्त कधी होणार.

आता एक गंभीर गोष्ट. रीताच्या वर्गात प्रत्येकाने एका संशोधकाची माहिती सांगायची होती. कोणी झाडावरून पडलेल्या फळाची गोष्ट सांगितली, कोणी किटलीच्या थरथरणाऱ्या झाकणाची. आपल्या रीताने उभं राहून सांगितलं की माझे आजोबा संशोधक होते, त्यांनी पऱ्हाटी उपटायचा चिमटा शोधून काढला. पुण्यातल्या पोरांना पऱ्हाटीच माहीत नाही. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं, असं तिने समजावलं. तेव्हा एकाने विचारलं की झाड उपटण्यात शोधण्यासारखं काय आहे. सगळे हसले. बाईंनी विचारलं की हे कोणत्या पुस्तकात आहे. फेब्रुवारीअखेर पुरावा आण, नाहीतर दुसरा संशोधक घे, असं बाईंनी सांगितलं आहे. त्या दिवशी पोरगी जेवली नाही.

मी तिला काय दाखवू? वर्धा जिल्ह्यात कुठल्याही लोहाराकडे जा, तो बाबांच्या नावाने नाही, रूपराव चिमटा म्हणूनच देतो. आपल्याच दुकानात गिऱ्हाईक येऊन रूपराव चिमटा आहे का म्हणून विचारायचं. बाबा उठायचे, फळीवरून काढायचे आणि द्यायचे. मी दप्तर घेऊन पायरीवर बसून ते बघायचो.

माझ्या वर्गातल्या, आंजीच्या ओमप्रकाशचा फोन आला होता. ज्यांचं नाव चिमट्याला लागलं त्या रूपरावांना पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून दहा फेब्रुवारीला गावात मोठा सत्कार आहे, पुस्तिका निघणार आहे. मी ठरवलं आहे. मी येणार, व्यासपीठावर चढणार आणि सगळ्या गावासमोर त्यांना विचारणार की चिमटा कोणी केला. बाबांचे कागद, नकाशे, जे असेल ते काढून ठेव.

तब्येत सांभाळ. बाकी माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
नीलेश


॥ श्री ॥

देवळी
१८ डिसेंबर २००१

चि. नीलेश यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. पिशवी परत पाठवतोस हे चांगलं करतोस. सुनेला सांग, पडद्याला अजून दोन जन्म आहेत, नंतर पोतेरं होईल.

मी बरी आहे. सकाळी महादेवाच्या देवळात जाते, आल्यावर पोथी, मग स्वयंपाक. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे कुकरला पण लाज वाटते. संध्याकाळी पायरीवर बसते. दुकानाचं शटर उघडत नाही, पण समोर झाडून ठेवते. शेजारच्या शालूच्या घरी टीव्ही घेतला. ती बोलावते, मी जात नाही. रोज गेली तर रोजची होऊन जाईन.

तू कागद मागितलेस. बाळा, कागद नाहीत. तुझे बाबा नकाशा खडूने काढत, दुकानाच्या फरशीवर. रात्री काढलेला सकाळी मीच झाडून काढायची. एकदा म्हटलं की कागदावर काढा, तर म्हणाले की कागदावर पाय देता येत नाही, चिमटा पायाने दाबून पाहावा लागते. मला तेव्हा हसू आलं होतं.

रीताच्या शाळेचं वाचून जीव कसा तरी झाला. मी दोन दिवस त्याच विचारात होती. फळ पडलं, झाकण हललं, हे पोरांच्या ध्यानात राहिलं आणि त्या फळासोबत तो माणूस राहिला. रूपरावभाऊजींचा बगळा होता. बगळा चिखलातून गांडूळ ओढतो ते पाहून त्यांना चिमटा सुचला, असं पेपरात आलं आणि तोंडोतोंडी झालं. माणूस पण कसा, उंचापुरा, डोक्याला फेटा. फोटोत त्यांच्या हाती चिमटा शोभून दिसला. तुझे बाबा म्हणजे कानावर पेन्सिल आणि नाकावर चष्मा. सलग दोन वाक्यं कधी बोलले नाहीत. त्यांची गोष्ट नाही, मग लोकांनी काय सांगायचं?

तू सत्काराला येऊ नकोस. म्हातारा माणूस आहे, त्यांचा दिवस आहे. रीताला म्हणावं दुसरा कोणी घे.

थंडी फार आहे. तुझा जुना स्वेटर मीच घालते. आठवण ठेवत जा, एवढंच मागणं.

तुझी आई


पुणे
६ जानेवारी २००२

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसरा कोणी घे, हे तू लिहावंस याचं नवल वाटलं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या चष्म्याचं घर मी इकडे आणलं होतं. परवा रीताने ते उघडलं, तर अस्तराखाली घडी केलेलं कात्रण निघालं. फेब्रुवारी १९७९. फोटोत रूपराव चिमटा धरून उभे आहेत, आणि आई, ते आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे आहेत. मागे पाटीची अर्धी अक्षरं दिसतात. म्हणजे बातमीदार आपल्याकडे आला होता. बाबा मालासाठी नागपूरला, मी शाळेत, तू देवळात. तेवढ्यात रूपरावांनी आपलं नाव लावून घेतलं. बाबांनीच मला हे एकदा सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीने, एका वाक्यात. जिवाभावाचा दोस्त होता, रोज येऊन बाकावर बसायचा. त्यानंतर बाबांनी त्या बाकावर कोणालाच बसू दिलं नाही, वर खिळ्यांचे डबे ठेवले.

पंधरा वर्षं बाबांनी ते कात्रण जपलं. ज्याने फसवलं त्याचा फोटो.

९४ साली बाबांचं झालं तेव्हा रूपराव दारात आले होते, तुला आठवत असेल. मी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. हातातला हार तसाच घेऊन ते परत गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. नऊ तारखेचं तिकीट काढलं आहे. कात्रण मोठं करून घेतलं आहे, ते सगळ्यांना दाखवणार.

लोभ आहेच, पण या बाबतीत मला अडवू नकोस.

तुझा,
नीलेश


॥ श्री ॥

देवळी
१३ जानेवारी २००२

श्री. रूपरावभाऊजी यांस सुलोचनाचा नमस्कार.

तेवीस वर्षांनी पत्र लिहिते आहे. अक्षर ओळखू येणार नाही, हात कापतो.

नीलेश तुमच्या सत्काराला येतो आहे, आणि हार घालायला येत नाही. त्याच्याजवळ पेपरचं कात्रण आहे. तुम्हाला सर्वांसमोर चोर म्हणणार आहे. तो जे समजतो ते त्याला घरच्यांनी सांगितलं, आणि घरच्यांना मी सांगितलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तेव्हा एका शब्दाने बोलला असता तर मी उघडी पडली असती. तुम्ही बोलला नाहीत.

मी आता त्याला खरं लिहिणार आहे. त्याआधी तुम्हाला कळवावं असं वाटलं. माफी मागायला जागा ठेवली नाही मी, तरी मागते.

घरी सर्वांना नमस्कार. मनात राग असेल तर तोही कळवा.

सुलोचना


आंजी (मोठी)
१७ जानेवारी २००२

गं. भा. सुलोचनावयनीस रूपरावचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मले वाटलं लगनाची पत्रिका होय, पोष्टमनले म्हटलं ठेव तिकडं. मंग अक्षर पाह्यलं. तुमचं अक्षर अजूनही मॅट्रिकवाल्या बाईचंच आहे, कापते बिपते काई नाई.

वयनी, पोराले काई लिहू नका. त्याले येऊ द्या, बोलू द्या. माह्या फेट्याले एक डाग पडला तर धुऊन टाकीन. तुमचं तसं नाई. तुमाले एकच पोरगा आहे.

आन् राग कायचा? तुमी मले सत्काराचा माणूस करून ठेवलं. म्या किती सांगतलं लोकाईले, का बावा हे माहं काम नोय, देवळीच्या सदाशिवरावचं होय. ग्रामपंचायतीत सांगतलं, तर सरपंच म्हणे रूपरावजी किती नम्र माणूस आहे. शाळेत सांगतलं, तर गुर्जीनं पोट्ट्याईले सांगतलं का मोठी माणसं अशीच बोलत असतात. जितकं नाई म्हणतो तितका हार जाड होत जाते. मंग म्या बोलनंच सोडून देल्लं. आन् थो बगळा. थ्या बातमीदारानं इचारलं कसं सुचलं, त म्या मजाक केली का चिमटा पाहा कसा दिसते, बगळा गांडूळ ओढून राह्यला जसा. त्यानं थेच छापलं. आता पुस्तिकेवर बी बगळाच आहे, माह्याहून मोठा.

एकच गोष्ट मनात आहे. सदाशिव गेला तवा त्याचं तोंड पाहाले भेटलं नाई. बाकी काई नाई.

पहिला चिमटा, जो त्यानं मले वावरात चालवून पाहाले देल्ला होता, थो अजून माह्यापाशी आहे. वापस कराचा राहून गेला.

माया राहू द्या, आन् पोराले लिहू नका.

रूपराव


॥ श्री ॥

देवळी
२२ जानेवारी २००२

चि. नीलेश यास आशीर्वाद.

हे एका अंतर्देशीयात मावणार नाही म्हणून दोन घेतली. वर १ आणि २ लिहिलं आहे. दुसरं आधी मिळालं तर फोडू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन बंडूजीच्या दुकानात, आणि तिथे गल्लीतले चार कान कायम बसलेले.

त्या दिवशी मी देवळात नव्हती. मी दुकानात होती.

तुझे बाबा नागपूरला गेले होते हे खरं. रूपरावभाऊजी बाकावर बसून होते. चिमटा आठ दिवस शेतात चालवून पाहिला, बायांचे हात वाचले, असं सांगायला आले होते. तेवढ्यात वर्ध्याहून बातमीदार आला. त्याला कोणी तरी नव्या चिमट्याचं सांगितलं होतं. मी आतल्या दारात उभी होती. चिमटा कसा चालतो ते भाऊजींनी पायरीवर उभं राहून दाखवलं, त्याने फोटो काढला, फोटोसाठी त्यांचं नाव गाव लिहून घेतलं. भाऊजींची बस होती, ते गेले. जाताना मला म्हणाले की वहिनी, आता मालकाचं नाव तेवढं सांगा.

बातमीदाराने मला विचारलं की चिमटा करणारे म्हणून यांचंच नाव लिहू ना. मी मान हलवली, नाही म्हणून. मग कोणी केला, त्याने विचारलं. मी म्हटलं, घरच्यांनी. त्याने विचारलं, नाव काय.

तुला माहीत आहे, आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मी तुला पुढे करायची आणि तू सांगायचास. तुझी आजी म्हणायची की जितक्यांदा नाव घेशील तितका धन्याच्या आयुष्यातला एकेक दिवस जाते. मी मॅट्रिक झालेली, मी मनात हसायची. पण त्याआधीच्याच दिवाळीत यांना कावीळ झाली, दोन महिने खाटेवर होते. मी महादेवाजवळ बोलली होती की हे उठले तर जन्मभर नेम पाळीन. हे उठले. मग मी हसणं सोडलं.

मी इकडे तिकडे पाहिलं. तू शाळेत. गल्लीत एक पोर नाही, एक म्हातारी नाही. दुपारची वेळ. बातमीदार बिचारा चांगला माणूस होता, त्याला कळलं असेल. त्याने वही माझ्यापुढे धरली आणि पेन दिला, की लिहून द्या. नीलेश, मला लिहिता येत होतं. गल्लीत मॅट्रिक झालेली मी एकटी बाई होती. लिहिण्याने नेम मोडते की नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी पेन हाती घेतला नाही. त्याच्या बसचा हॉर्न वाजला. तो म्हणाला की जेवढं मिळालं तेवढं लिहितो, आणि गेला.

तीन दिवसांनी पेपर आला. यांनी वाचला, मला विचारलं की दुकानात कोण होतं. मला सांगता आलं असतं. हे रागावले नसते, तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे, हसले असते. पण मला फार लाज वाटली. मॅट्रिकची बाई आणि नाव सांगू शकली नाही, ही एक लाज, आणि नाव बुडवलं, ही दुसरी. माझ्या तोंडून निघून गेलं की मी देवळात गेली होती, भाऊजी एकटेच होते. देवाचं नाव घेऊन मी खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पेपर घेऊन धावत आले. चूक झाली, आपण दोघं वर्ध्याला जाऊन दुरुस्त करून येऊ, असं म्हणत आले. यांनी त्यांना एवढंच विचारलं की तू एकटाच होतास ना, ही देवळात होती. मी पडद्यामागे होती. भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, हो, मी एकटाच होतो, माझंच चुकलं. आणि पायरी उतरून गेले.

मी पडदा बाजूला केला असता तर झालं असतं. तोच पडदा, ज्याच्या पिशवीत तुला वड्या पाठवल्या.

मग वर्षं गेली. रोज वाटायचं आज सांगीन. गिऱ्हाईक रूपराव चिमटा मागायचं, हे उठायचे, आणि मी आत भाकरी थापत बसायची. हे गेले त्या दिवशी भाऊजी दारात आले, तू त्यांना अडवलंस. मी आत यांच्या पायाशी बसून होती. मला सर्व ऐकू येत होतं.

आता तुला जे म्हणायचं ते मला म्हण. त्या माणसाला काही म्हणू नकोस. कात्रण आणायचंच असेल तर माझ्यापुढे आण.

आशीर्वाद आहेतच, ते तुला नको वाटले तरी.

आई


पुणे
१ फेब्रुवारी २००२

आई,

दोन्ही पत्रं मिळाली. एकाच दिवशी मिळाली.

तिकीट रद्द केलं. मी येत नाही.

काय लिहू ते सुचत नाही. मी त्यांना दारातून हाकललं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की मी बाबांच्या बाजूने उभा आहे. त्यांच्या हातातला हार मला आठवतो. शेवंतीचा होता. तू आतून एक हाक मारली असतीस तर पुरे होतं.

सध्या मला लिहू नकोस असं म्हणत नाही. पण उत्तराची वाट पाहू नकोस.

नीलेश


॥ श्री ॥

देवळी
१४ फेब्रुवारी २००२

चि. नीलेश यास आशीर्वाद.

उत्तराची वाट पाहत नाही. तरी लिहिते, कारण हे रीतासाठी आहे.

मी आंजीला गेली होती. एकटी गेली, वर्ध्याला बस बदलून. मंडपावर भला मोठा कापडी फलक, त्यावर बगळा आणि भाऊजी. बायांच्या बाजूला मागे बसली. भाषणं झाली. एका पाहुण्याने सांगितलं की निसर्ग हाच आपला गुरू. बगळ्याला इतका मान मी आधी पाहिला नव्हता. भाऊजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि हाताने खूण केली, की राहू द्या. मी उठली.

पुढे जाऊन माईक हाती घेतला. मी म्हटलं, मी देवळीची सुलोचना. हा चिमटा माझ्या मालकांनी केला, त्यांचं नाव सदाशिवराव. आणि तेवीस वर्षांआधी बातमीदार आला त्या दिवशी मी देवळात नव्हती, मी दुकानात होती, नाव मी सांगितलं नाही, भाऊजींची काही चूक नाही.

नाव घेतल्यावर बायांच्या बाजूने हशा झाला, मग टाळ्या. त्यांना वाटलं म्हातारीने उखाणा घेतला. एकीने तर आणखी एक घ्या म्हणून गळ घातली. अध्यक्षांनी मलाही नारळ दिला आणि म्हणाले की पाहा, रूपरावजी दोस्ताच्या बायकोलाही आपल्या श्रेयात वाटा देतात, याला म्हणतात मोठेपण. पुन्हा टाळ्या. मंडपात पाचशे माणसं असतील, मी काय बोलली ते एकालाच समजलं. भाऊजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि त्यांचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की सत्कारमूर्तींच्या विनम्रतेने सभा भारावली. नाव कुठे नव्हतं. तेव्हा मला कळलं, उशिरा कळलं. मला वाटत होतं की माझ्या तोंडात ते नाव अडकून आहे, आता काढलं की सर्व ठीक होईल. पण लोकांच्या मनातली जागा भरलेली होती. तिथे बगळा बसून होता.

परतताना बसमध्ये एक गोष्ट आठवली. मी तुला लिहिलं होतं की बाबांची गोष्ट नाही. ते बरोबर नव्हतं. गोष्ट होती, ती माझ्यापाशी पडून होती. रीताला सांग.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्याआधी पंचफुला नावाची मजूर बाई दुकानात कंदील घ्यायला आली. महिनाभर लोकांच्या शेतात पऱ्हाट्या उपटत होती. हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या, चिंध्यांना रक्त. कंदील दिला तर तिला तो मुठीत धरता येईना. बोटं मिटतच नव्हती. तिने दांडी कोपरात अडकवली आणि गेली. तुझे बाबा ती गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत पाहत राहिले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबा म्हणाले. मग खडू घेतला आणि फरशीवर बसले. मी आतून पाहत होती. त्या रात्री जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

एवढीच गोष्ट आहे. बगळ्याइतकी छान नाही, पण खरी आहे. पंचफुला अजून आहे, थकली. मी काल तिच्याकडे जाऊन आली. विचारलं की चिमटा कोणी केला माहीत आहे का. ती म्हणाली का चिमटा लोहार करते, दुसरं कोण करीन. मी तिला सांगितलं. तिला कंदील आठवत होता, दुकानदार आठवत नव्हता. पण तिने हात पुढे केला, मूठ मिटून दाखवली आणि हसली.

पुस्तकात नाही म्हणून बाईंनी नाही घेतलं तरी रीताने लिहावं. अंजूला सांग, पोरगीला उपाशी ठेवू नको.

आठवण येत असेल तर येऊ दे, तिला अडवू नकोस.

आई


॥ श्री ॥

देवळी
१३ एप्रिल २००२, गुढीपाडवा

चि. नीलेश यास अनेक आशीर्वाद. सौ. अंजू आणि चि. रीता यांनाही.

गुढी उभारली. काठी जड झाली आहे आता, शालूने हात दिला.

अंजूने फोनवर सांगितलं, रीताला दहापैकी सहा मिळाले, आणि शेरा आहे की गोष्ट छान, पुरावा नाही. मला सहा पुष्कळ वाटले. अंजू असंही म्हणाली की तू ती वही ऑफिसात घेऊन गेला होतास. काऊन नेली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परवा सकाळी रूपरावभाऊजी आले. काठी टेकत, बसने. मी बाकावरचे खिळ्यांचे डबे उतरवले, पुसून काढला, ते बसले. चहा ठेवला. बातमीदार आला त्या दिवशीचा चहा राहिला होता असं ते म्हणाले. मग पिशवीतून चिमटा काढला, तो पहिला. दात झिजले आहेत, मूठ हाताने गुळगुळीत झाली आहे. यांच्या फोटोपुढे ठेवला आणि बराच वेळ उभे राहिले. मी आत निघून गेली.

जाताना त्यांनी खिशावर हात ठेवून सांगितलं की पोराचं पत्र आलं आहे. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी दाखवलं नाही. एवढंच म्हणाले की पोट्टा बापावर गेला, दोनच ओळी लिहिल्या, पण बसच्या पूर्ण रस्त्यात वाचून झाल्या नाहीत.

चिमटा मी दाराशीच ठेवला. फोटोपुढे ठेवून त्याला गंज चढेल. काल मागच्या गल्लीतला माणूस आला, त्याच्या परसातली तुरीची धसकटं काढायची होती. म्हणाला का काकू, तुमच्याकडे रूपराव चिमटा आहे म्हणे. मी म्हटलं, तोच. घेऊन जा, पण कोणी केला ते ऐकून जा. त्याला घाई होती, तरी उभा राहिला. मी नाव सांगितलं, कंदिलाचंही सांगितलं. हो हो म्हणत गेला. परत आणायला उशीर झाला तर पुन्हा सांगीन. आता जो नेईल त्याला ऐकावं लागेल.

सायंकाळी पोस्टमनची सायकल वाजली की मी पायरीवरून उठते, आणि तो पुढे जाते. अडीच महिने झाले. पण तू त्यांना लिहिलंस. मला ते पुरे आहे, नीलेश. माझ्यासाठी ओळ सुचेल तेव्हा लिही. अंतर्देशीयाची एक बाजू कोरी राहिली तरी चालेल, मी वाया गेलं म्हणणार नाही.

जिथे असशील तिथे सुखी राहा, आणि वळून पाहावंसं वाटलं तर दार उघडंच आहे.

तुझी आई,
सुलोचना सदाशिवराव गुल्हाने